ग्रेट ओशन रोडवर एक निवांत दिवस

प्रश्न: ताई, मेलबर्नच्या मुलाकडे आलोय, कॅम्परव्हॅन घेतलीये. ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्याने अपोलो बे गावाहून निघून एका दिवसात काय काय बघून होईल?

उत्तर: काका, सगळं बघायचा हट्ट नका धरू. सकाळी चहा व्हॅनमध्येच करा आणि आधी मेट्स रेस्ट या जंगलातल्या ठिकाणी थांबा, अर्ध्या तासाची लाकडी पायवाट आहे, माणसापेक्षा उंच नेचे, त्यांचे कोवळे शेंडे गोगलगायीसारखे गुंडाळलेले असतात, हात न लावता नुसतं जवळून बघा. मग वळणावळणाचा रस्ता, तो पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मध्ये बांधला, हाताने, कुदळ-फावडी घेऊन, हे मला दरवेळी आठवतंच. दुपारी लॉक आर्ड गॉर्ज, ही समुद्रकाठची घळ. 1878 मध्ये इथे जहाज फुटलं, 54 पैकी दोघंच वाचले, तिथल्या वाळूवर थोडा वेळ शांत बसा. ट्वेल्व्ह अपोस्टल्स मात्र संध्याकाळसाठीच ठेवा, उन्हं उतरली की समुद्रातले ते चुनखडीचे खांब अगदी सोनेरी दिसतात. मुक्कामाला पोर्ट कॅम्पबेलचं कॅरव्हॅन पार्क आधीच बुक करा, रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये झोपता येत नाही, आणि अंधारात गाडी नकोच, कांगारू आडवे येतात.