पडलेली भिंत आणि ‘गोपनीय’ शिक्का

प्रश्न : आमच्या घरामागची सार्वजनिक संरक्षक भिंत ऑगस्टमधील पावसात कोसळून स्वयंपाकघर गाडले गेले. भिंत बांधून दोन वर्षेही झाली नव्हती. चौकशीचा अहवाल ऑक्टोबरात सादर झाला. मात्र माहिती अधिकारात त्याची प्रत मागितली असता ‘अहवाल गोपनीय असून प्रकरणी कार्यवाही सुरू असल्याने देता येत नाही’ असे उत्तर आले. पुढे काय करावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण पाठवलेल्या झेरॉक्सवर पत्राची तारीख ३ नोव्हेंबर आणि जावक क्रमांकाखालची तारीख १९ नोव्हेंबर आहे. या नकाराविरुद्ध त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. त्याची ३० दिवसांची मुदत उत्तर हाती पडल्यापासून मोजली जाते. म्हणून टपालाचा शिक्का असलेले पाकीट कृपया जपून ठेवावे.

विषयाच्या ओळीवर तिरका मारलेला ‘गोपनीय’ हा लाल शिक्का कायद्याच्या दृष्टीने हलकाच आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये नेमकेपणाने दिलेली आहेत आणि नुसती ‘गोपनीयता’ त्यांत बसत नाही. कलम २२ नुसार तर हा कायदा १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमालाही वरचढ आहे. राहिले ‘कार्यवाही सुरू’ हे कारण. त्यासाठी कलम ८(१)(ज) आहे खरे, परंतु तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नसून माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच स्पष्ट केले. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर असतो. अपिलास २० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे आणि अहवालाचा काही भाग खरोखरच देण्याजोगा नसेल तर तो वगळून उरलेला कलम १० खाली द्यावा, अशी पर्यायी मागणी त्यातच करावी. तिथेही नकार मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. त्यापुढे रिट याचिकेची वेळ आलीच, तर आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आपल्या गावातच बसते, ज्याची इथल्या वकिलांनी कित्येक वर्षे वाट पाहिली.

अमेरिकेत १९४८ मध्ये लष्करी विमान पडून मृत्यू पावलेल्या तिघा अभियंत्यांच्या पत्नींनी अपघाताचा अहवाल मागितला, तेव्हा देशाच्या सुरक्षेचे कारण पुढे करून तो नाकारण्यात आला आणि १९५३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मान्य केला. सुमारे पन्नास वर्षांनी अहवाल खुला झाला, तेव्हा त्यात देखभालीतील हयगय दिसून आली. तिथे निदान विमानाचे निमित्त होते. आपल्याकडे भिंत आहे. शिवाय १९७५ च्या ‘उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राजनारायण’ खटल्यापासून आपल्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे, की राज्यकारभाराच्या गुप्ततेचा दावा तपासण्याचा अंतिम अधिकार न्यायालयाचाच असतो.

अहवालाच्या मागे लागून इतर कागद मात्र विसरू नयेत. अंदाजपत्रक, मंजूर नकाशा, मोजमाप पुस्तक, ठेकेदाराची देयके आणि दोषदायित्व कालावधीची (ज्या काळात दोष निघाल्यास दुरुस्ती ठेकेदाराने करायची असते) अट यांसाठी आजच स्वतंत्र अर्ज करावा. आपल्या छायाचित्रात अद्याप उभ्या असलेल्या भागात पाणी निचऱ्याचे एकही छिद्र दिसत नाही. मंजूर नकाशात ती असतील, तर अर्धे उत्तर अहवालाविनाच मिळते. कामाची पाहणी करून बांधकाम साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही ‘माहितीच्या अधिकारा’च्या व्याख्येत येते, राडारोडा उचलला जाण्याआधी हा अधिकार वापरावा.

मला खरी काळजी वाटते ती भरपाईच्या मुदतीची. भिंत कोणी बांधली आणि जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे पत्रावरून कळत नाही. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. महानगरपालिकेविरुद्धच्या दाव्यास मात्र तिच्या अधिनियमातील कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि कारण घडल्यापासून जेमतेम सहा महिन्यांची मुदत लागू होऊ शकते. अपिलांच्या फेऱ्यांमध्ये हे महिने निघून गेले, तर पुढे अहवाल हाती येऊनही उपयोग राहणार नाही. म्हणून दोन्ही नोटिसा डिसेंबर उजाडताच स्थानिक वकिलांकडून पाठवाव्यात आणि गाडल्या गेलेल्या सामानाची यादी, पंचनाम्याची प्रत व दुरुस्तीची बिले त्यांना जोडावीत.