विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर कॅम्पसची व्हर्च्युअल मशीन सेवा चालते कशी?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: अशी सेवा आतून चालते कशी, आणि तिच्यावर भरवसा ठेवावा का. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक. मी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या एक्सव्हीएम या अशाच सेवेचं उदाहरण घेतो. एसआयपीबी या १९६९ पासूनच्या विद्यार्थी संघटनेने ती उभी केली. त्यामागचं सॉफ्टवेअर म्हणजे इन्व्हर्ट.

एका सर्व्हरवर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम एकमेकींना धक्का न लावता चालवणं, हे काम झेन या हायपरव्हायजरचं, म्हणजे मशीनं वेगळी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ते केंब्रिज विद्यापीठात जन्मलं. मुलांनी ते नव्याने लिहायचा हट्ट धरला नाही, हा मला त्यांचा सर्वात शहाणा निर्णय वाटतो. त्यांनी भोवतालचं सगळं लिहिलं. मशीन कोणाचं, नाव काय, नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता कोणता, मेमरी आणि डिस्क किती, ही नोंद एकाच डेटाबेसमध्ये राहते. नवं मशीन सुरू होताना आयपी पत्ता मागतं, तेव्हा डीएचसीपीचा, म्हणजे पत्ते वाटण्याच्या पद्धतीचा, पायथन भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम तीच नोंद वाचून उत्तर देतो. नावावरून पत्ता सांगणारा डीएनएससुद्धा तिथूनच वाचतो.

याचं मोल मला अनुभवाने कळलं. मी काम करायचो तिथे हा हिशोब स्प्रेडशीटमध्ये होता. एकच पत्ता दोन मशीनना दिला गेला आणि दोन्ही आलटून पालटून नेटवर्कवरून गायब व्हायला लागली. कारण सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

ओळख पटवण्यासाठी वेगळा पासवर्ड नाही. कॅम्पसवर कर्बेरॉस ही ओळख तपासणारी व्यवस्था आधीपासून होती, एमआयटीच्याच अथेना प्रकल्पातून आलेली, तीच वापरली.

आणि कन्सोल, म्हणजे मशीनचा थेट पडदा! समजा, तुम्ही रात्री फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कवरून कोणाला आत सोडायचं हे ठरवणारा, नियम चुकीचा लिहिलात आणि स्वतःच बाहेर अडकलात. नेटवर्कने आत जाता येत नाही. पण कन्सोल त्या मशीनच्या नेटवर्कवर अवलंबून नसतो. तो उघडलात की मशीनला कीबोर्ड जोडून समोर बसल्यासारखं लॉगिन येतं. चुकलेली ओळ खोडायची, झालं. कोणाला उठवावं लागत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे.

लिहिणारी मुलं पदवी घेऊन जाणारच, म्हणून इन्व्हर्टचे भाग डेबियन पॅकेजच्या रूपात, म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीवर थेट बसवता येतील अशा गठ्ठ्यांत, बांधलेले आहेत. पुढच्या तुकडीला सर्व्हर पुन्हा उभा करता येतो, कोणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. एवढी शिस्त दिसली तर मी त्या सेवेवर माझा प्रकल्प निर्धास्त चालवेन. बॅकअप मात्र दुसरीकडे ठेवेन, आणि तुम्हीही ठेवा.