वाचक विचारतात : फवारणीची बाधा आणि मान उचलण्याची परीक्षा

प्रश्न : माझे धाकटे दीर कपाशीवर फवारणी करून घरी आले आणि तासाभरात त्यांना दरदरून घाम, उलट्या व धाप सुरू झाली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांना भरती केले. दुसऱ्या दिवशी ते असंबद्ध बडबडू लागले आणि चादरीवरचे नसलेले धागे वेचू लागले. तिसऱ्या दिवशी मात्र ते बरे दिसत होते, तरीही डॉक्टर सुट्टी देईनात. दर काही तासांनी कुणीतरी येऊन त्यांना उशीवरून मान उचलायला सांगत असे. हे कशासाठी?
— एक वाचक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाच्या बाधेशी जुळतात. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोचवणारे रसायन काम होताच मोडून टाकणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर आपल्या शरीरात असते. हे विष त्या विकरालाच जखडून ठेवते, त्यामुळे निरोप थांबतच नाही. लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि फुप्फुसांत स्राव साचून रुग्णाचा श्वास कोंडतो. त्यावर ॲट्रोपिन देतात, आणि छातीतील घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी त्याची मात्रा दुप्पट करत जातात. धोतऱ्यातही हेच द्रव्य असते. ते थोडे जास्त झाले की रुग्ण धोतरा चढल्यासारखा बडबडतो आणि चादर वेचतो. मात्रा कमी केल्यावर हे ओसरते.

मान उचलण्याची परीक्षा मात्र वेगळ्या धोक्यासाठी असते. पहिली लक्षणे आटोक्यात आल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, काही रुग्णांचे स्नायू अचानक दुबळे होतात. त्यात बहुधा आधी मान जाते आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. हसतखेळत चहा प्यायलेला रुग्ण रात्री कृत्रिम श्वसनयंत्रावर जातो तो यामुळेच. मान उशीवरून उचलली जात नाही हे वेळीच कळले, तर यंत्राची तयारी हाताशी ठेवता येते. या परीक्षेला ना सुई लागते ना पैसा. रात्रपाळीच्या परिचारिकेने ती न चुकता करावी लागते, एवढेच.

आमच्याकडे हे शिकवण्याची रीत थोडी विचित्र आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात विषशास्त्र न्यायवैद्यकशास्त्राच्या जोडीने येते, आणि त्यामुळे शवविच्छेदनात कोणता अवयव तपासणीसाठी कोणत्या बरणीत जपून ठेवायचा हे विद्यार्थ्याला आधी पाठ होते. जिवंत विषबाधित रुग्ण त्याला नंतर, मेडिसिनच्या वॉर्डात भेटतो. हे दोन्ही धडे खाटेशेजारीच एकत्र द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या निवासी डॉक्टरांना मी पहिला धडा भाषेचा देतो. आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात. 'त्यांनी औषध घेतलं' हे नातेवाइकांचे वाक्य ऐकून शहरातून आलेला डॉक्टर केसपेपरवर गोळ्यांचे नाव शोधत बसतो.

२०१७ च्या फवारणी हंगामात आपल्याच जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यामुळे गावात बोलताना आम्ही मोजक्याच गोष्टींवर भर देतो. बाधा झाली की अंगावरचे कपडे लगेच काढावेत आणि साबण-पाण्याने केसांसह अंग धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे, निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर चढवाव्यात. विष पोटात गेले असले तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण रुग्ण अर्धवट शुद्धीत असेल तर ती उलटी श्वासनलिकेत जाते आणि मिठाचीही वेगळी बाधा होते. रुग्णाबरोबर डबा किंवा त्याचे लेबल आणावे. त्यावरील त्रिकोण लाल असेल तर विष अत्यंत जहाल, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. परंतु हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त राहू नये, आणि शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेल्या कीटकनाशकाला तर त्रिकोणच उरत नाही.

रक्तातील कोलिनेस्टरेजची पातळी पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, आणि त्या काळात थोडीशी फवारणीही पुन्हा बाधू शकते. म्हणून दिरांना या हंगामात पंपाला हात लावू देऊ नका; फवारणीचे कपडे घरात धुवायची वेळ आपल्यावर येत असेल, तर ते घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवा, आणि हातमोजे घातल्याशिवाय धुऊ नका.