मॅडम, एकदा पोलिसांचा धाक दाखवून बघायचा का?

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समुपदेशनासाठी आलेले समोरचे पालक खुर्चीत पुढे सरकून आवाज खाली आणतात तेव्हाच मला कळतं, आता तेच येणार. मुलगा चौदा-पंधराचा, शाळा बुडवतो, रात्री उशिरा येतो, मित्र कोण ते कळत नाही, उलट बोलतो. मग, "मॅडम, तुमची पोलिसांत कुणाशी ओळख असेल तर जरा दम द्यायला सांगा ना, मारू नका म्हणावं, नुसतं दोन तास बसवून ठेवलं तरी पुरे." आणि हेच पालक, पोलिसांनी मुलांसाठी चालवलेल्या एखाद्या खेळाच्या नाहीतर शिबिराच्या उपक्रमात आपल्या मुलाला बोलावलं की घाबरून जातात. नाव रेकॉर्डवर चढेल का, लोक काय म्हणतील, पुढे नोकरीला अडचण येईल का. म्हणजे धाक दाखवायला पोलीस हवेत पण फुटबॉल शिकवायला नकोत. मला या दोन्ही काळज्यांचं मूळ एकच वाटतं आणि ते मला एका मुलाने दाखवलं, म्हणून त्याच्याबद्दल लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पंधरा वर्षांचा मुलगा. तीन मित्रांबरोबर रात्री एका बंद पडलेल्या इमारतीत शिरला, खिडकीच्या काचा फोडल्या. पोलिसांनी चौघांना नेलं, बसवलं, पालकांना बोलावून सोडून दिलं. केस वगैरे काही नाही. आठवड्याने त्याच पोलीस स्टेशनमधून मुलांचे उपक्रम बघणाऱ्या अधिकाऱ्यांचा घरी फोन, रविवारी सकाळी मैदानावर फुटबॉल असतो, मुलाला पाठवा. आई माझ्याकडे आली ती हा फोन घेऊनच. वडिलांचं म्हणणं होतं पाठव, तिथे सरळ करतील त्याला. आईचं म्हणणं होतं अजिबात नको, एकदा नेलं तेवढं बास झालं. मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दोन भेटींमध्ये तो शर्टाच्या बाहीचा सुटलेला दोरा ओढत बसला, बस्स. मी पण फार विचारलं नाही, अशा मुलाला प्रश्नांचा भडिमार म्हणजे परत चौकशीच. तिसऱ्या भेटीत मी एकच विचारलं, त्या रात्री सगळ्यात वाईट कशाचं वाटलं? मला वाटलेलं म्हणेल भीती, किंवा अपमान, किंवा बाबांचा चेहरा.

तो म्हणाला, "काहीच नाही. मला माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"की एक दिवस नेणार. आई लहानपणापासून सांगायची ना. झोप, नाहीतर पोलीस येतील. रडू नकोस, पोलीस येतील. वाईट मुलांना पोलीस नेतात." दोरा तुटला, त्याने तो बोटाला गुंडाळला. "मग नेलं. म्हणजे ठरलंच ना ते."

मी त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मोजकीच वाक्यं अशी असतात जी ऐकल्यावर आपल्याला आपलं आधीचं सगळं परत मांडून बघावं लागतं, हे त्यातलं एक. तोपर्यंत मी पण पालकांना एवढंच सांगायचे की धाकाचा उपयोग होत नाही, मूल निर्ढावतं. पण हा मुलगा निर्ढावलेला नव्हता. त्याच्या डोक्यात एक साधं गणित होतं, वाईट मुलांना पोलीस नेतात, मला नेलं, म्हणून मी वाईट. त्या दोन तासांत पोलिसांनी त्याला काय सांगितलं हे त्याला आठवतही नव्हतं. त्याने त्या रात्री फक्त एका जुन्या प्रश्नाचं उत्तर घेतलं होतं. आणि एकदा हे उत्तर घेतलं की शाळेत जायचं कशाला, उशिरा आलं तर काय बिघडलं, आपण तसेच आहोत.

माझा स्वतःचा कल पहिल्यापासून याच बाजूचा आहे की मुलाला आपण जे नाव देतो त्या नावात मूल हळूहळू शिरतं. फ्रँक टॅननबॉम या अभ्यासकाने हे १९३८ मध्येच मांडलं होतं, की मुलाच्या एखाद्या वाईट कृतीचा गाजावाजा करून त्याच्यावर जी खूण लावली जाते, तीच त्याला पुढे घडवत जाते. मी हे शिकले होते, शिकवलंही होतं. पण खूण पोलीस स्टेशनमध्ये लागायच्या कितीतरी आधी, अंथरुणात, प्रेमाने थोपटताना लागलेली असू शकते, हे मला या मुलाने शिकवलं.

आता हे आईला कसं सांगायचं? दोष दिला तर ती मिटून जाणार. त्याच्या परवानगीने मी तिला त्याचंच वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द माझा नाही. ती आधी म्हणाली, "अहो पण सगळेच म्हणतात असं. माझी आईपण म्हणायची." मी म्हटलं हो, खरंच सगळे म्हणतात, तुम्ही काही वेगळं केलं नाहीत. मग ती गप्प झाली आणि पुढच्या भेटीत, मी काही सुचवलेलं नसताना, मुलाकडे वळून म्हणाली, "मला तुला झोपवायचं होतं रे. बाकी काही नव्हतं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "माहितेय." पण खुर्ची त्याने थोडी तिच्या बाजूला ओढून घेतली. ही खुर्ची मी विसरणार नाही.

तर ज्या पालकांना धाक हवा असतो त्यांना मी आता थोडं ठामपणे सांगते. हा प्रयोग करून झालेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात वाट चुकणाऱ्या मुलांना आत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकरवी घाबरवायचे, खूप गाजला तो प्रकार, अनेक ठिकाणी नक्कल झाली. नंतर अशा कार्यक्रमांच्या ९ चाचण्या एकत्र करून तपासल्या तेव्हा दिसलं की घाबरवलेली मुलं न घाबरवलेल्या मुलांपेक्षा नंतर जास्त गुन्ह्यांत सापडली. नुसता उपयोग झाला नाही असं नाही, नुकसान झालं. तुमचा हेतू कितीही चांगला असू दे, दोन तास बसवून ठेवा म्हणताना तुम्ही हेच मागताय.

आणि ज्यांना उपक्रमाचीच भीती वाटते त्यांना सांगते की पोलिसांनी मुलांसोबत खेळणं हे काही नवीन फॅड नाहीये. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली पोलीस आयुक्त आर्थर वूड्स यांच्या काळात मुलांना खेळायला जागा नाही म्हणून रस्तेच वाहनांसाठी बंद करून दिले होते, तिथूनच तिथल्या पोलिसांच्या क्रीडा मंडळाची सुरुवात मानतात. केरळमध्ये २०१० पासून शाळांमध्ये स्टुडंट पोलीस कॅडेट हा पोलिसांच्या मदतीने चालणारा विद्यार्थ्यांचा उपक्रम चालू आहे, त्यात मुलाने काही चूक केलेली असावी लागत नाही. आणि चूक केलेली असेल तरी, संयुक्त राष्ट्रांचे १९८५ चे बीजिंग नियम म्हणून आहेत, त्यात मुलांना शक्य तिथे कोर्टात न ओढता दुसऱ्या मार्गाला लावावं, त्यांची ओळख गुप्त ठेवावी, आणि मुलांशी काम करणाऱ्या पोलिसांना वेगळं प्रशिक्षण असावं असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे मैदानावरचा रविवार ही शिक्षा नाही, उलट शिक्षेपासून लांब जायची वाट आहे.

पण म्हणून डोळे मिटून पाठवा असंही मी म्हणत नाही. प्रत्येक उपक्रम चांगला नसतो. मी स्वतः त्या अधिकाऱ्यांना आईसमोर फोन केला, स्पीकरवर, आणि जे विचारलं ते तुम्हीही विचारा, हक्काने विचारा, चांगला अधिकारी चिडत नाही. मुलाचं नाव कुठे लिहिता, खेळाच्या हजेरीत की आणखी कशात, आणि ती वही कोण बघतं? येणं ऐच्छिक आहे का, नाही आला तर काय होतं? दर वेळी तेच अधिकारी असतात की आज हे उद्या ते? मैदानावर फक्त पकडलेलीच मुलं असतात की सगळ्या प्रकारची? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण अडचणीतली मुलं सगळी एकाच ठिकाणी गोळा केली की ती एकमेकांकडूनच शिकतात, खेळ बाजूला राहतो. आणि अजून एक, जरा अवघड पण विचाराच. मुलाला त्याच्या मित्रांबद्दल माहिती विचारली जाणार आहे का? मैत्रीच्या नावाखाली मुलाला खबऱ्या करणं चालू असेल तर त्याच दिवशी मुलाला काढून घ्या. या अधिकाऱ्यांनी शांतपणे उत्तरं दिली, हजेरी खेळाचीच, यायची सक्ती नाही, आणि मित्रांबद्दल मी विचारत नाही, विचारलं तर तो दुसऱ्या रविवारी कशाला येईल. हे शेवटचं वाक्य ऐकून मला बरं वाटलं, यांना माणूस कळलेला आहे.

निर्णय मात्र मुलावर सोडला. वडिलांना हे पटायला दोन भेटी लागल्या पण पटलं. तो पहिल्या रविवारी गेला नाही. दुसऱ्या रविवारी गेला आणि कुंपणाबाहेर उभा राहून परत आला. तिसऱ्या रविवारी आत गेला.

पुढच्या भेटीत मी विचारलं कसं होतं, तर फुटबॉलबद्दल एक अक्षर नाही. म्हणाला, "सर खेळायला उतरले तेव्हा त्यांनी टोपी माझ्याकडे दिली, धर म्हणाले." मी म्हटलं मग? "मग धरली. आतून बघितली. आत घामाचा डाग होता मॅडम, सगळ्या कडेने, पिवळा. आणि एका बाजूला शिवण उसवलेली." हे त्याने बोटाने हवेत गोल काढून दाखवलं. लहानपणापासून जे "पोलीस येतील" होतं ना, त्याला घाम येतो, त्याची टोपी उसवते, हे त्याला तेव्हा दिसलं. मला विचाराल तर माझ्या खोलीतल्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या डागाने जास्त काम केलं, पण तो डाग दिसायला डोळे मोकळे हवे होते, आणि ते काम आम्ही तिघांनी आधी केलं होतं हेही खरंय.

घरी पालकांनी एवढंच करा की पोलिसाला बागुलबुवा करणं आजपासून थांबवा, मूल दोन वर्षांचं असो की दहा. हरवलास तर पोलिसांना सांग, कुणी त्रास दिला तर सांग, असं म्हणा. जे मूल पोलिसांना घाबरतं ते खरंच संकटात असतं तेव्हाही लपून बसतं, याचा विचार कुणी करत नाही. मोठ्या मुलांना मात्र हेही सांगा की गणवेशातला माणूस चुकू शकतो, चुकला तर घरी येऊन सांगायचं, आम्ही ऐकून घेऊ. आंधळा विश्वासही शिकवायचा नाहीये.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे त्याने परत चार दिवस शाळा बुडवली. आणि सहा महिन्यांनी त्या अधिकाऱ्यांची बदली झाली, जे या उपक्रमांत होतच असतं आणि ज्याची तयारी जवळपास कुणीच करत नाही. मुलं अशा वेळी परत तेच गणित मांडतात, मला सोडून गेले. या अधिकाऱ्यांनी एक चांगलं केलं, जायच्या आधी दोन रविवार नवीन अधिकाऱ्यांना बरोबर आणलं आणि एकेका मुलाची नावाने ओळख करून दिली. तरी हा तीन आठवडे गेला नाही. आईने मला फोन केला, ओरडू का? मी म्हटलं नको, विचारा फक्त, आठवण येते का म्हणून. चौथ्या रविवारी स्वतःच बूट घालून निघाला.

परवा आला होता माझ्याकडे, आता दोन-तीन महिन्यांनी एकदाच येतो. मी विचारलं नवीन सर कसे आहेत?

"ठीक आहेत," म्हणाला. "टोपी अजून स्वतःच्या डोक्यावरच ठेवतात. बघू."