इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या एखाद्या आडगावात राहणं कसं असतं? एकट्या बाईला तिथे निभावता येतं का?

आचे म्हटलं की लोक दोनच गोष्टी सांगतात, त्सुनामी आणि वेताचे फटके. दोन्ही खरं आहे. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेत त्या एका प्रांतात दीड लाखाहून जास्त माणसं गेली, आणि शरियतच्या कायद्याखाली तिथे अजूनही चारचौघांसमोर फटके मारतात. पण तुम्ही गावाबद्दल विचारलंय आणि त्यातही बाईबद्दल, म्हणून लिहायला बसले. एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर. त्सुनामीनंतर घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेत होते आणि ल्होंग भागातल्या एका गावात माझा मुक्काम होता. बांदा आचेहून पश्चिम किनाऱ्याने खाली निघालात की पारो आणि कुलू असे दोन घाट लागतात, ते उतरलं की हा भाग. डोंगर थेट समुद्राला भिडलेले, मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात भातखाचरं, माड, पोफळी. मी दापोलीकडची, त्यामुळे ‘अय्या किती सुंदर’ वगैरे मला झालं नाही. घरी आल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ घरचं भांडणही आठवलं.

गावाला गाम्पोंग म्हणतात. केउचिक हा गावचा मुख्य, जोडीला चार जाणत्यांचं मंडळ, आणि गावाच्या मधोमध मेउनासाह. नमाज, पोरांची कुराणाची शिकवणी, गावसभा, भांडणतंटे, सगळं तिथेच. त्या दिवसांत कॉफीच्या टपऱ्या रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असायच्या. स्वतंत्र आचेसाठी लढणारे बंडखोर आणि इंडोनेशियाचं सरकार यांच्यात १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत समझोता झाला होता. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं अंधार पडल्यावर बाहेर बसायची सोय नव्हती. कापडी पिशवीतून उंचावरून गाळलेली कडक कॉफी घेत पुरुष नुसते बसून राहायचे. कुणी उठवायला येत नाही याचंच त्यांना अप्रूप.

आता मुद्द्याचं. तिथली मुलगी लग्न होऊन कुठेही जात नाही. नवरा तिच्या घरी येतो. आईबाप आपल्या हयातीतच घर किंवा घराची जागा मुलीच्या हवाली करतात. त्यामुळे एका आळीत सगळ्या बहिणी, मावश्या, आज्या, आणि पुरुष बाहेरून आलेले. मंडळी धर्माची पक्की. वारशात मुलीला मुलाच्या निम्मं हे त्यांना तोंडपाठ. पण घर वारशात येईपर्यंत ठेवायचंच कशाला, आधीच देऊन टाकावं, असा रोकडा हिशोब.

आमच्या फॉर्मवर मात्र एक रकाना होता, ‘कुटुंबप्रमुख’. त्यात पुरुषाचं नाव. लाट आली तो रविवार होता. बायका-पोरं घरात, बरेच पुरुष होडीवर नाहीतर बाहेरगावी. खोल पाण्यात लाट कळतही नाही. त्यामुळे बायका जास्त गेल्या आणि यादीत विधुरच विधुर. त्यांच्या नावाने छत्तीस चौरस मीटरचं पक्कं घर मंजूर होत होतं, तेही मेलेल्या बायकोच्या जागेवर. (या घरांच्या नकाशात स्वयंपाकघरच नव्हतं. मागे ताडपत्रीचा आडोसा करून बायका चुली मांडायच्या. नकाशा कुणी काढला असेल ते मी सांगायला नको.)

यादी वाचायला मेउनासाहच्या ओट्यावर सभा भरली. एक बाई पायऱ्यांजवळ बसून सुपाऱ्या फोडत होती. सुपारी फळीवर धरायची, कोयत्याचा एक घाव, दोन फाका पाटीत. तिच्या मेहुण्याचं नाव पुकारलं तसा कोयता थांबला. तिथूनच ती केउचिकला म्हणाली, “जागा आमच्या आईने धाकटीला दिलेली. धाकटी गेली, तिची पोर माझ्याकडे आहे. हा आज ना उद्या दुसरं लग्न करील आणि तिच्या गावी जाईल. मग घर काय खांद्यावर टाकून नेणार?”

ओट्यावरचे पुरुष हसले. मेहुणा चिडला नाही, हे मी मुद्दाम सांगते. तो मान खाली घालून म्हणाला, ती बोलतेय ते बरोबर आहे. आमचे साहेब अडून बसले, की अज्ञान मुलीच्या नावाने घर कसं देता येईल? शेवटी केउचिकने पत्र लिहिलं: जागा आणि घर मुलीचं, ती मोठी होईतो मावशी सांभाळणार, बाप दुसरं लग्न करीपर्यंत तिथे राहणार. सह्या, शिक्के, रेव्हेन्यूचं तिकीट. ते पत्र फाइलला जोडलं आणि मंजुरी आणली. पुढे त्याने लग्न केलं आणि गेला नव्या बायकोच्या गावी. अधूनमधून मुलीला मासळी घेऊन यायचा.

आता आमच्याकडचं ऐका. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा आला. ही बातमी आमच्या घरात पोचली ती अशी, की भाऊ हक्कसोडपत्र टाइप करूनच घेऊन आला. काका म्हणाले, “बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं, बाळ.” हेच काका मी आचेला निघाले तेव्हा सांगत होते, की त्या लोकांत बाईला किंमत नसते. मी परत आल्यावर त्यांना सुपारीवाल्या बाईची हकिगत सांगितली. ते म्हणाले, म्हणजे सगळे घरजावईच की! आणि विषय बदलला.

सुरक्षित आहे का, तर चोरी-छेडछाडीच्या अर्थाने हो. मोकळीक आहे का, तर नाही. डोकं झाका; मुसलमान नसाल तरी झाका, गावात उगाच वाद नको. अंधार पडल्यावर पुरुष सहकारी कामासाठी आला तरी ओट्यावर बसवा, दार सताड उघडं. बाई-पुरुष एकांतात सापडले तर आधी गावच निवाडा करतं. तीन वेळा भात आणि मासे. सुकवलेल्या खारट बिंबल्यांचं आंबट कालवण कोकणातल्या माणसाला लगेच जमेल. रमजान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, आणि दोन्ही ईदच्या आदल्या दिवशीही, घरोघरी मांस शिजतं. शाकाहारी असाल तर लोक जेवू घालतील, पण तुमची कीव करतील.

स्वर्ग समजू नका. त्या जाणत्यांच्या मंडळात बाई एकही नव्हती, आणि आमची मावशी बोलली ती पायरीवरूनच, ओट्यावरून नाही. भातजमिनीच्या वाटणीत मुलगे पुढे असतात. शिवाय सगळीकडे असं गोड झालं नाही. बऱ्याच गावांत कागद पुरुषांच्याच नावाने निघाले आणि प्रकरणं शरिया कोर्टात गेली.

तरी जा. जाण्याआधी एक करा, वडिलांच्या घराचा असेसमेंट उतारा काढून कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. ‘नुसती सही तर हवीय’ असं कुणी म्हणालं तर कागद वकिलाला दाखवा. आणि हे आमच्या भावाच्या वाचनात आलंच तर: पडवीच्या कौलांचा निम्मा खर्च मी कधीही देईन. सही देणार नाही.