केहिंदे, 'हिंद' आणि नसलेलं खोरं

प्रश्न असा आहे: 'भाच्याच्या वसतिगृहात केहिंदे नावाचा एक नायजेरियन मुलगा आहे, योरुबा समाजातला. नावाचा अर्थ काय? त्यात "हिंद" आहे, तेव्हा भारताशी काही नातं असावं का? शिवाय तो म्हणतो, जुळ्या भावाच्या मागून जन्मलो, पण थोरला मीच. हे कसं काय?'

हिंदचा काही संबंध नाही. परक्या शब्दात दोन ओळखीची अक्षरं दिसली की आपल्याकडे लगेच गलबतं हाकारली जातात. मागे एका ज्येष्ठ व्युत्पत्तीकारांनी 'बाबातुंदे' या योरुबा नावातला बाबा चक्क मराठीतून नायजेरियातल्या लागोसला पोचवला होता. अहो, 'बाबा' हा शब्द निम्म्या जगातल्या बाळांनी तोंडात दात नसताना आपापला घडवलाय. त्याला बोटीचं तिकीट कशाला?

'केहिंदे'मधलं 'दे' म्हणजे येणं, पोचणं. आधीचा भाग म्हणजे मागे, पाठीमागून. मागून आला तो केहिंदे. बाबातुंदेतही हेच 'दे' आहे: बाबा, तुं म्हणजे पुन्हा, दे म्हणजे आला. आजोबा गेले आणि पाठोपाठ घरात मुलगा झाला की हे नाव ठेवतात. 'बाप परत आला.' आणि यातला 'न' हा न नव्हेच, नुसता नाकातला स्वर आहे. पुणेकर त्याचं 'हिन्दे' करतात. मालवणी माणसाला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता माझी खरी तक्रार. 'नावाचा अर्थ काय' या प्रश्नाला आपल्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. सुहास म्हणजे गोड हसणारा, संपलं. बाळांच्या नावांच्या याद्या छापणाऱ्यांनी हीच सवय योरुबा नावांनाही लावली: हे म्हणजे 'आनंद', ते म्हणजे 'राजपुत्र'. योरुबा नाव हा बहुधा शब्द नसतो, अख्खं वाक्य असतं, क्रियापदासकट. अदेबायो म्हणजे 'मुकुटाची आनंदाशी गाठ पडली'. शोयिंका हे आडनाव म्हणजे 'मांत्रिकांनी मला वेढलंय'. (हो, शोयिंका. मूळ लिपीत त्या एस अक्षराखाली टिंब आहे आणि त्याचा उच्चार श. नायजेरियन लेखक वोले शोयिंकांना 1986 साली साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रं 'सोयिंका' छापतायत. पत्रं पाठवून मी थकलो.)

काही नावं मात्र आईबापांनी निवडायची नसतात. मूल ती वरूनच घेऊन येतं. त्यांना म्हणतातच 'स्वर्गातून आणलेली नावं'. पालथा जन्मला की अजायी. सॅम्युएल अजायी क्राउदर, 1864 मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले ते, असेच पालथे जन्मलेले. नाळ गळ्याभोवती असेल तर मुलगा ओजो, मुलगी आयना. आणि पाय आधी बाहेर आले तर इगे. म्हणजे आपला पायाळू! पायाळूला आपण विहिरीचं पाणी शोधायला नेलं, पुरलेलं धन दाखवायला नेलं, वीज कडाडली की घरात कोंडलं. सगळं केलं, पण पायाळू हे नाव काही ठेवलं नाही. त्यांनी ते बारशालाच ठेवून टाकलं.

पण ज्या नावावर माझा जीव आहे ते वेगळंच. कोसॉकॉ.

याचे तुकडे पाडा. को म्हणजे नाही. सी म्हणजे असणं. ऑकॉ म्हणजे खोरं, माती ओढायचं, रताळ्याच्या वरंब्यासारखे कोनफळाच्या जातीच्या कंदाचे ढीग लावायचं, रुंद पात्याचं. 'खोरं नाही.' बाळाचं नाव, खोरं नाही! आता यातली गंमत ऐका. योरुबात तीन सूर आहेत: वरचा, मधला, खालचा. ऑकॉ हीच अक्षरं सूर बदलून म्हटली की नवरा होतो, खोरं होतं, होडी होते, भालाही होतो. 'सी' आणि 'ऑकॉ' जोडताना सीमधली ई गळून पडते, पण तिचा वरचा सूर मागे राहतो आणि शेजारच्या ऑवर जाऊन बसतो. स्वर गेला, सूर राहिला. गळालेल्या स्वराचा सूर शेजाऱ्याकडे जाण्याची दखल आपल्या पाणिनीनेही घेतलीय. आणि शेवटचा सूर चुकवलात तर 'खोरं नाही'चं 'नवरा नाही' होईल, तेव्हा जपून. लिहिताना कोसॉकॉ लिहा. मराठीकडे ऑ आहे, तो फक्त ऑफिस आणि ऑर्डरसाठी ठेवलेला नाही.

खोरं नाही म्हणजे कशासाठी नाही? कबर खणायला. ज्या घरात मुलं जन्मतात आणि जातात, तिथे योरुबा समजुतीप्रमाणे ती वेगवेगळी मुलं नसतात. एकच मूल पुन्हा पुन्हा येतं आणि पुन्हा पुन्हा निघून जातं. त्याला आबिकू म्हणतात, 'जन्मून मरणारं'. ते परत आलं की नावातूनच त्याला बजावायचं: या खेपेला खोरं नाही हं. दुसरं नाव अकिसातान, 'चिंध्या संपल्या', म्हणजे गुंडाळायला आता काही उरलं नाही. तिसरं इग्बेकोयी, 'रानानेही हे नाकारलं'. मालॉमॉ म्हणजे सरळच, 'पुन्हा जाऊ नकोस'.

इथे आमचे काही विद्वान मान डोलावतात: 'हे तर आपल्या दगडू-धोंडू-केरू-कचरूसारखंच, मृत्यूला चकवण्यासाठी.' मुळीच नाही. दगडू हे नाव बाहेरच्याला ऐकवायचं असतं, दृष्ट लावणाऱ्याला किंवा यमाला: बघ, हा दगड आहे, नेण्यासारखं यात काही नाही. कोसॉकॉमध्ये तिसरा कोणी नाहीच. आई मुलाशीच बोलते आहे. एक फसवणूक, दुसरी विनवणी. दोन्ही एका टोपलीत टाकणाऱ्याने व्याकरणातला पुरुष नीट शिकलेला नसावा. (आबिकूचं नाव 'अजा', म्हणजे कुत्रा, असंही ठेवतात आणि ते आपल्या केरूच्या जातीचं आहे, हे मान्य. पण एका कुत्र्यावरून सिद्धान्त मांडू नये.)

खरं साम्य शोधायचंच असेल तर ते आपल्या नकोशीत आहे. शब्द एकच, पण तोही निरोपच. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त मुलींची ही नावं समारंभाने बदलली, तेव्हा पेपरांत बातम्या आल्या होत्या. फरक एवढाच की तिकडे आई म्हणते जाऊ नकोस, इकडे म्हटलं होतं येऊ नकोस.

कोसॉकॉ नावाचा एक राजाही होऊन गेला, लागोसचा. 1845 मध्ये गादीवर आला. 1851 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा डागून त्याला हाकललं, तरी तो पुढे 1872 पर्यंत जगला. नाव लागू पडलं म्हणायचं.

आबिकूंच्या नावांतलं सगळ्यात गोड नाव दुरोजाये. दुरो म्हणजे थांब, जे म्हणजे खा, आये म्हणजे जग. 'थांब, जग खा.' त्यांच्या भाषेत आयुष्य उपभोगणं म्हणजे जग खाणं. आठव्या दिवशी नाव ठेवतात तेव्हा बाळाच्या ओठांना मध लावतात, मीठ लावतात. खाण्याची सुरुवात तिथूनच.

आणि हेच 'आये' आहे केहिंदेच्या भावाच्या नावात. त्याचं नाव तायवो असणार, विचारायचीही गरज नाही. जुळ्यांपैकी आधी येतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे, त्यांच्या पाठचा इदोवू, हे ठरलेलंच. इंग्रजी याद्या तायवोचा अर्थ 'पहिला जुळा' देऊन मोकळ्या होतात. फोड अशी आहे: तॉ म्हणजे चाख, आये म्हणजे जग, वो म्हणजे बघ. जग चाखून बघ! चाखणे आणि बघणे ही दोन क्रियापदं त्यांनी आपल्यासारखीच जोडली आहेत. 'खाऊन बघ', 'करून बघ' म्हणताना आपण तरी डोळ्यांनी काय बघतो? इंग्रजीतून आलेल्या अर्थात हे 'बघ' गळून पडतं, आणि नाव म्हणजे हुकूम आहे हेही कळत नाही.

हुकूम कोणाचा? केहिंदेचा. आत बसून त्याने भावाला सांगितलं, जा, जग चाखून बघ, बरं लागलं तर आवाज दे. तायवो बाहेर येऊन रडला, मग हे महाराज सावकाश आले. कामाला पाठवणारा तो थोरला आणि जाणारा धाकटा. दारावरची बेल वाजल्यावर तुमच्या घरी कोण उठतं?