'दोनच' म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

बेटा,

तुझा मेसेज वाचला. निकोटीननं जनुकं बदलतात असं तू कुठंतरी वाचलंस, आणि विचारतोस, "बाई, मग आता सोडून काय उपयोग? दिवसाला तंबाखूचे दोनच बार ठेवतो." कॅन्सरचं मी काढत नाही. ते पुडीवर छापलेलं असतं आणि तू ते रोज फाडतोस.

निकोटीन जनुकांचा क्रम बदलत नाही. कोणतं जनुक किती वाचलं जाईल, ते बदलतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. तू जिनिंगमध्ये आहेस. प्रेसमधून निघालेल्या गाठीतून रुई उपसता येत नाही, पट्ट्या कापल्या की येते. तसंच हे, गुंडाळी घट्ट असली की जनुक वाचता येत नाही, सैल झाली की येतं. २०११मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एरिक आणि डेनिस कँडेल यांच्या गटानं उंदरांना पाण्यातून निकोटीन पाजलं. मेंदूच्या स्ट्रायटम भागात हिस्टोनांवर ॲसिटिल या रासायनिक गटाच्या खुणा वाढल्या, गाठ सैल झाली. मग कोकेन दिल्यावर व्यसनाशी जोडलेलं फॉस-बी हे जनुक एरवीपेक्षा जोरात चाललं. आधी कोकेन, मग निकोटीन असं केल्यावर तसं झालं नाही. म्हणजे निकोटीन पुढच्या व्यसनाची जमीन नांगरून ठेवतं. पण त्या खुणा काढून टाकणारी विकरंही पेशीतच असतात. एवढंच नेमकं वाचायचं राहिलं का रे?

आता तुझं 'दोनच'. चुना कशाला मळतोस? चुन्यानं निकोटीन असं होतं की ते गालाच्या आतून झरझर रक्तात उतरतं. मेंदूत ॲसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनांवर बसतं आणि डोपामिन हे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन सुटतं. रोजच्या माऱ्यानं हे ग्राही सुन्न पडतात, त्यांची संख्याही वाढते. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग सुन्न पडलेले ग्राही जागे होऊन मागायला लागतात. दोन बार ठेवलेस तर उरलेला दिवस तू तिसऱ्याची वाट बघत काढणार. म्हणून बठ्ठं, सगळंच, बंद.

मी मशेरी लावायचे, हे तुमच्या वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की सकाळ झाली. सोडली तेव्हा जावा म्हणाल्या, शिकलेलीची मिजास. आखाजीला माहेरी सगळ्या जणी झोक्याजवळ डबी फिरवत बसायच्या, आणि मी आत भांडी घासायचे. आई गेली. त्या गप्पा मला मिळाल्या नाहीत, याची हळहळ आहे. पण बसले असते तर एक बोट लावलंच असतं. मला कडक म्हणणारे म्हणोत. उठून गेले ते बरोबरच केलं. बठ्ठं बंद म्हणजे बठ्ठं बंद, त्यात आईची डबीही आली.

पहिले दोन-तीन दिवस वाईट जातील. चिडशील, झोप येणार नाही, कामात लक्ष लागणार नाही. पण सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत वाढलेले ग्राही सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आलेले दिसले. टपरी दिसली की उठणारी तलफ त्याहून चिवट, कारण ती आठवणीत बसलेली असते. म्हणून निदान काही महिने मिलला दुसऱ्या रस्त्यानं जा. मित्र हसतील. हसू दे.

डॉक्टरांनी निकोटीनचा च्युइंगम दिला तर घे. त्यातून ते सावकाश उतरतं, आणि पुढे कमी करत बंद करायचं असतं. मी हट्टानं तशीच सोडली. तू माझा हट्ट उचलू नकोस, पुडी तेवढी टाक. १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तिथं 'दोनच' सांगून बघ.

रात्रपाळी बदलून मिळते का, तेही मुकादमाला विचार. सोडायची तारीख मला आधी कळव. पहिल्या आठवड्यात रोज रात्री फोन करीन, आणि उचलला नाहीस तर घरी येईन.

तुझ्या बाई